'आता मी काय करू?' : लेम्नॉस बेटावरचा निओप्टॉलेमस

एक तरुण मुलगा दुसऱ्याचं धनुष्य हातात धरून उभा आहे. धनुष्याचा मालक नुकताच झोपेतून जागा झाला आहे. दुखऱ्या पायावर उभं राहायला त्यानं या मुलाचाच आधार घेतला आहे, आणि आता जहाजाकडे निघायचं, दहा वर्षांनी घरी जायचं, म्हणून तो आनंदात आहे. मुलगा मात्र जागचा हलत नाही. त्याच्या तोंडून 'पपाइ!' असा उद्गार निघतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, 'आता इथून पुढे मी काय करू?'

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या 'फिलॉक्टीटीस' या नाटकातली ही ८९५ वी ओळ. 'पपाइ' हा ग्रीकमधला कळ आल्यावरचा उद्गार, आपल्या 'आई गं'सारखा. दीडेकशे ओळींपूर्वी धनुष्याचा मालक फिलॉक्टीटीस हाच शब्द पुन्हा पुन्हा ओरडत होता, कारण त्याच्या पायातल्या जुन्या सर्पदंशाची कळ उठली होती. तोच शब्द आता एका धडधाकट मुलाच्या, निओप्टॉलेमसच्या, तोंडी आला आहे. याच्या अंगावर कुठेही जखम नाही.

ग्रीक शोकांतिकेतला दुभंगलेल्या मनाचा नायक हा विषय निघाला की बहुतेक जण ओरेस्टीसकडे किंवा मेडियाकडे वळतात. ते योग्यच आहे. इस्किलसच्या नाटकात ओरेस्टीस आईवर तलवार उगारून थबकतो आणि मित्राला, पायलाडीसला, विचारतो, 'काय करू?' तोवर मुका असलेला पायलाडीस तीन ओळी बोलतो आणि निर्णय होतो. मेडिया मुलांना मारायचं ठरवते, मोडते, पुन्हा ठरवते. पण या दोघांच्याही दुविधेचा शेवट एका हत्येत होतो, आणि हत्या मागे घेता येत नाही. निओप्टॉलेमसचं प्रकरण मला त्यामुळेच वेगळं आणि जास्त अभ्यासण्याजोगं वाटतं. त्यानं केलेली गोष्ट मागे घेता येण्यासारखी आहे, आणि तो ती मागे घेतो. शोकांतिकेत असं माघारी येणारं पाऊल फार क्वचित दिसतं. त्यामुळे त्याच्या मनाची ओढाताण नाटकभर, संथपणे, टप्प्याटप्प्यानं बघायला मिळते.

पार्श्वभूमी

मूळ कथा जुनी आहे. ट्रॉयच्या युद्धावरच्या 'इलियड' या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात ग्रीक जहाजांची यादी येते. तिथे सात जहाजांचा नायक फिलॉक्टीटीस लेम्नॉसवर सर्पदंशानं तळमळत पडला आहे, एवढं सांगून होमर पुढे जातो. ट्रॉयकडे जाताना क्रीसी या देवतेच्या स्थानी तिच्या रखवालदार सापानं त्याला डसलं. जखम चिघळली, तिला घाण वास सुटला. त्याच्या किंकाळ्यांमुळे सैन्याला शांतपणे यज्ञ करता येईना. तेव्हा सेनापतींच्या हुकमावरून ग्रीकांचा चतुर सरदार ओडिसियस यानं त्याला झोपेत असतानाच बेटावर सोडलं. सोबत थोड्या चिंध्या आणि थोडं अन्न ठेवलं. दहा वर्षं तो महावीर हेराक्लीसनं दिलेल्या धनुष्यावर जगला, उडते पक्षी मारून. मग ट्रोजन भविष्यवेत्ता हेलेनस ग्रीकांच्या हाती सापडला आणि त्यानं सांगितलं, फिलॉक्टीटीस आणि ते धनुष्य आल्याशिवाय ट्रॉय पडणार नाही.

तिन्ही मोठ्या नाटककारांनी या कथेवर नाटकं लिहिली. इस्किलस आणि युरिपिडीस यांची आज उपलब्ध नाहीत, पण पुढच्या काळातल्या डिओ क्रिसोस्टम या वक्त्यानं तिन्ही शेजारी ठेवून वाचली आणि त्यांची तुलना लिहून ठेवली. तिच्यामुळे सोफोक्लीसनं काय बदललं ते कळतं. त्या दोघांच्या नाटकांत वृंद, म्हणजे मंचावर गाणारा समूह, लेम्नॉसच्या रहिवाशांचा होता. सोफोक्लीसनं बेट निर्मनुष्य केलं. खुद्द अथेन्सच्या लोकांची त्या काळी लेम्नॉसवर वसाहत होती, म्हणजे प्रेक्षकांना ते बेट ओसाड नाही हे पक्कं ठाऊक होतं. तरीही त्यानं ते ओसाड केलं. दुसरा बदल त्याहून मोठा आहे. युरिपिडीसनं ओडिसियससोबत डायोमिडीसला पाठवलं होतं. डायोमिडीस कसलेला योद्धा, असल्या मोहिमांना सरावलेला. सोफोक्लीसनं त्याच्या जागी एका पोरसवदा तरुणाला आणलं. हा निओप्टॉलेमस, ग्रीकांचा सर्वश्रेष्ठ योद्धा अकिलीस याचा मुलगा, बाप मेल्यावर युद्धात आलेला, कोऱ्या पाटीचा.

ही निवड का महत्त्वाची? 'इलियड'च्या नवव्या सर्गात अकिलीस म्हणतो, मनात एक ठेवून ओठावर दुसरंच आणणारा माणूस मला नरकाच्या दारांइतका तिटकाऱ्याचा वाटतो. हे तो ओडिसियसला तोंडावर सांगतो. आता त्याच अकिलीसच्या मुलाला तोच ओडिसियस खोटं बोलायला शिकवणार आहे. प्रेक्षकांना होमर तोंडपाठ होता. पहिल्याच प्रवेशात त्यांच्या कानात बापाचं ते वाक्य वाजत असणार.

एका दिवसाचा सौदा

ओडिसियस स्पष्ट सांगतो की फिलॉक्टीटीसला बोलण्यात गुंतवून त्याचं मन चोरायचं आहे. बळ चालणार नाही, कारण त्याचे बाण चुकत नाहीत. समजावून तो येणार नाही. मुलाचं उत्तर सरळ आहे. वाईट मार्गानं जिंकण्यापेक्षा चांगलं वागून हरणं मला पसंत आहे, असं तो म्हणतो. ओडिसियस त्याला नीती शिकवत नाही. त्यानं आधीच सौदा मांडलेला आहे, की दिवसाचा एक लहानसा निर्लज्ज तुकडा मला दे, मग उरलेलं आयुष्य सगळ्यांत सज्जन माणूस म्हणवून घे.

हा युक्तिवाद मला नाटकातला सगळ्यांत धोकादायक वाटतो, कारण तो खोटा वाटत नाही. ओडिसियसला निव्वळ खलनायक म्हणून बाजूला सारणं सोपं आहे, पण तो स्वतःसाठी काही मागत नाही. दहा वर्षं परक्या किनाऱ्यावर मरत असलेलं सैन्य, न संपणारं युद्ध, आणि ते संपवायचा एकच मार्ग, या सगळ्याचं ओझं त्याच्या बाजूला आहे. मुलाला तो कीर्तीचं आमिष दाखवतो. ट्रॉय तुझ्याच हातून पडेल, तुला शहाणा आणि शूर दोन्ही म्हणतील. थोड्या वेळानं मुलगा म्हणतो, 'ठीक, करतो. लाज बाजूला ठेवतो.' लाज गेलेली नाही, बाजूला ठेवलेली आहे. हे त्याचं त्यालाही ठाऊक आहे.

हे नाटक इ.स.पू. ४०९ मध्ये अथेन्सच्या डायोनिसस उत्सवात झालं आणि पहिलं आलं. सोफोक्लीस तेव्हा ८७ च्या आसपासचा होता. दोनच वर्षांपूर्वी, ४११ मध्ये, चारशे जणांनी अथेन्सची लोकशाही उलथून सत्ता घेतली होती आणि काही महिन्यांत ती पुन्हा गमावली होती. ॲरिस्टॉटलनं वक्तृत्वावरच्या ग्रंथात त्या उलथापालथीतला एक प्रसंग नोंदवला आहे. सोफोक्लीस नावाच्या सल्लागाराला त्या उठावाचा एक पुढारी पिसँडर विचारतो, चारशेंची सत्ता आणायला तुम्ही संमती दिलीत का? हो. ते वाईट आहे असं तुम्हाला वाटलं नाही? वाटलं. मग तुम्ही ते वाईट काम केलंत? हो, कारण त्याहून बरं काही उपलब्ध नव्हतं. हा सल्लागार म्हणजे नाटककारच, असं अनेक अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. मला ती चार वाक्यं या नाटकाच्या शेजारी ठेवून वाचावीशी वाटतात. म्हातारपणी गावाच्या संकटात अशा प्रश्नांना तोंड दिलेला माणूस 'दिवसाचा एक तुकडा' ही भाषा किती आतून जाणत असेल.

धनुष्य हाती येतं

फिलॉक्टीटीस गुहेतून लंगडत येतो आणि या अनोळखी माणसांना पहिली विनंती करतो ती बोलण्याची. ग्रीक शब्द कानी पडताच तो म्हणतो, किती लाडका आवाज! फार काळानं त्यानं स्वतःची भाषा दुसऱ्याच्या तोंडून ऐकली आहे, आणि त्या भाषेतून त्याला पहिली गोष्ट मिळते ती थाप. निओप्टॉलेमस सांगतो, की माझ्या बापाची शस्त्रं मला न देता ओडिसियसला दिली, म्हणून मी चिडून घरी निघालो आहे. समान शत्रू मिळाल्यावर मैत्री व्हायला वेळ लागत नाही. म्हातारा जुन्या साथीदारांची चौकशी करतो. अकिलीस? मेला. एजॅक्स? मेला. पॅट्रोक्लस? तोही. आणि तो वाचाळ, हलका थर्सिटीस? तो आहे. मुलगा म्हणतो, युद्ध वाईट माणसाला आपणहून कधी नेत नाही.

इथे मी मुद्दाम थांबतो, कारण खोटेपणाच्या मधोमध दोघांमध्ये काहीतरी खरं घडायला लागलेलं आहे. फिलॉक्टीटीस त्याला सतत 'बाळ', 'पोरा' म्हणतो. या मुलानं बापाला कधी जिवंत पाहिलेलं नाही. तो ट्रॉयला पोचला तेव्हा बाप मेलेला होता. आणि आता बापाचा एक जुना मित्र, बापाच्याच सरळ स्वभावाचा, त्याला मुलगा म्हणतो आहे. थाप मारता मारता त्याला हवं असलेलंच काहीतरी त्याच्या पदरात पडतं आहे.

मग कळ येते. फिलॉक्टीटीस आधी लपवू पाहतो, मग ओरडतो, पाय कापून टाक म्हणतो, लेम्नॉसच्या ज्वालामुखीच्या आगीत मला जाळ, मीही हेराक्लीससाठी चिता पेटवली होती, म्हणतो. त्या उपकारापोटीच हेराक्लीसनं त्याला ते धनुष्य दिलं होतं. शुद्ध हरपण्यापूर्वी तो तेच धनुष्य मुलाच्या हाती देतो. सांभाळ, त्यांच्या हाती देऊ नकोस. शपथ घालत नाही, तुला शपथेनं बांधणं मला शोभत नाही, म्हणतो. फक्त हात मागतो. मुलगा हात देतो आणि थांबतो म्हणतो.

मोहीम इथे फत्ते झाली. धनुष्य हातात आहे, मालक निपचित झोपला आहे. वृंदातले खलाशी कुजबुजतात, वारा चांगला आहे, निघू या. मुलगा नकार देतो. हेलेनसचं भाकीत एकट्या धनुष्याबद्दल नव्हतं, माणसाबद्दलही होतं, हे त्याला आता उमगतं. त्या चार ओळी सोफोक्लीसनं षट्पदी छंदात घातल्या आहेत, म्हणजे होमरच्या महाकाव्याच्या आणि देववाणीच्या छंदात. अडखळत खोटं बोलणाऱ्या मुलाच्या तोंडून चार ओळींपुरता भविष्यवेत्ताच बोलतो. आणि तरी, सत्य दिसलं म्हणून काय करायचं ते ठरत नाही.

'पपाइ' त्यानंतर येतो. फिलॉक्टीटीस विचारतो, माझ्या रोगाची किळस आली का तुला? मुलगा उत्तर देतो, माणूस स्वतःचा स्वभाव सोडून त्याला न शोभणारं करू लागला, की सगळंच किळसवाणं होतं. किळशीसाठी दोघांच्या तोंडी एकच ग्रीक शब्द आहे. एकानं तो पुवाबद्दल वापरला, दुसऱ्यानं स्वतःबद्दल. मग मुलगा खरं सांगून टाकतो: तुम्हाला ट्रॉयला यावं लागेल.

इथेच प्रकरण संपलं असतं तर ते साध्या पश्चात्तापाचं झालं असतं. पण खरं सांगूनही तो धनुष्य परत देत नाही. वरिष्ठांची आज्ञा आहे, न्याय आणि हित दोन्ही तेच सांगतात, म्हणतो. फिलॉक्टीटीस शिव्या देतो, विनवतो, शेवटी बेटाच्या खडकांशी आणि किनाऱ्याशी बोलू लागतो, कारण मुलगा बोलायचाच थांबला आहे आणि तोंड फिरवून उभा आहे. बराच वेळ नंतर एवढंच निघतं, की या माणसाबद्दल मला विलक्षण दया आली आहे, आत्ता नाही, कधीचीच. आणि पुन्हा, 'काय करावं?' तो धनुष्य परत देणार असं वाटतं त्याच क्षणी ओडिसियस झेप घेऊन आत येतो आणि दोघं ते घेऊन निघून जातात. जाताना मुलगा खलाशांना मात्र थोडा वेळ मागे थांबायला सांगतो, म्हाताऱ्याचं मन बदलेल या आशेनं. तो दोन्हीकडे एकेक पाय ठेवून चालला आहे.

आपल्याला 'नरो वा कुंजरो वा' आठवल्याशिवाय राहत नाही. तिथेही मोठ्या ध्येयासाठी, मित्राच्या आग्रहावरून, सत्यवचनी माणूस एकदाच खोटं बोलतो. पण द्रोणांनी शस्त्र टाकलं आणि ते मारले गेले. युधिष्ठिराला ते शब्द परत घ्यायला जागाच उरली नाही. सोफोक्लीसनं निओप्टॉलेमसला ती जागा ठेवली आहे.

माघार

थोड्या वेळानं मुलगा झपझप परत येतो, मागून ओडिसियस. कशाला आलास? 'आधी जे चुकलो ते सोडवायला.' इथे चुकण्यासाठीचं ग्रीक क्रियापद त्याच मुळापासून आलं आहे ज्यापासून ॲरिस्टॉटलचा 'हामार्तिया', शोकांतिकेतल्या नायकाची चूक, हा शब्द आला. इतर नायकांना आपली चूक कळते तेव्हा ती निस्तरायला फार उशीर झालेला असतो. ओडिसियस सैन्याची धमकी देतो, दोघांचे हात तलवारींवर जातात, आणि ओडिसियसच मागे सरतो. मग मुलगा फिलॉक्टीटीसला हाक मारतो, झ्यूसची शपथ घेतो आणि धनुष्य परत देतो. फिलॉक्टीटीस लगेच बाण ओडिसियसवर रोखतो, तेव्हा मुलगा त्याचा हात धरतो.

ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या सातव्या भागात या मुलाची दोनदा आठवण काढली आहे. प्रश्न असा, की केलेला निर्धार मोडणारा माणूस दुबळा म्हणायचा का? त्याचं उत्तर, निओप्टॉलेमस ओडिसियसनं गळी उतरवलेल्या निर्धारावर टिकला नाही, पण तो सुखासाठी मोडला असला तरी ते सुख उदात्त होतं, कारण खरं बोलणं त्याला सुंदर वाटत होतं. दुविधेला दुबळेपणाच्या खात्यात न टाकणारा हा निवाडा मला अगदी पटतो. 'ठाम रहा' हा उपदेश ज्यांना निरपवाद वाटतो त्यांनी हा भाग वाचावा.

तरीही मुलगा यातून धुतल्या तांदळासारखा बाहेर पडत नाही, आणि सोफोक्लीसची खरी कमाल मला तिथे दिसते. धनुष्य दिल्यावर तो फिलॉक्टीटीसला पहिल्यांदाच प्रामाणिकपणे समजावतो: तुमचा रोग देवांकडून आला आहे, ट्रॉयला वैद्यकाचा देव ॲस्क्लीपियस याचे मुलगे तो बरा करतील, तुम्ही कीर्ती मिळवाल. सगळं खरं आहे. फिलॉक्टीटीस कळवळतो, इतक्या आपुलकीनं बोलणाऱ्याचं कसं ऐकू नये, म्हणतो, आणि तरीही ऐकत नाही. मग तो मुलाला विचारतो, ज्यांनी तुझ्या बापाची शस्त्रं लुबाडली त्यांच्या मदतीला तू तरी कसा जातोस? मुलाकडे इथे संधी आहे. ती शस्त्रांची गोष्ट मी रचून सांगितली होती, असं तो म्हणू शकतो. तो म्हणतो, 'तुमचं म्हणणं रास्त आहे,' आणि विषय पुढे नेतो. ती थाप नाटक संपेपर्यंत तशीच राहते. त्याच्या सर्वांत प्रामाणिक भाषणाच्या पायाखाली ती गाडलेली आहे, आणि फिलॉक्टीटीसच्या नकाराला बळ देणाऱ्या कारणांत तीही एक आहे. त्या दिवसाचा निर्लज्ज तुकडा उरलेल्या दिवसात झिरपला आहे.

शेवटी म्हातारा त्याला त्यानं हात देऊन कबूल केलेली गोष्ट मागतो: मला घरी ने. घरी नेलं तर ट्रॉय पडणार नाही, मुलाची कीर्ती बुडेल, ग्रीक सैन्य त्याच्या देशावर चालून येईल, म्हाताऱ्याचा पाय कधीच बरा होणार नाही. म्हणजे शब्द पाळणं दोघांच्याही नुकसानीचं आहे. मुलगा म्हणतो, 'तुमची इच्छा असेल तर चला.' सगळ्या नाटकात त्याच्या तोंडी याहून धाडसाचं वाक्य नाही. त्यात कुठलाही फायदा नाही.

दोघं निघतात आणि वर, आता देव झालेला, हेराक्लीस प्रकट होतो. ट्रॉयला जा, बरा हो, जिंक, असं तो फिलॉक्टीटीसला सांगतो. या देवाच्या येण्यावर पुष्कळ वाद झाले आहेत. मला एक साधी व्यावहारिक गोष्ट सुचवावीशी वाटते. अथेन्समध्ये बोलणारे नट तीनच असत. मंचावर फिलॉक्टीटीस आणि निओप्टॉलेमस दोघंही आहेत, तेव्हा हेराक्लीसचा मुखवटा तिसऱ्या नटाकडेच येणार, म्हणजे ज्यानं आधी ओडिसियस केला त्याच्याकडे. देवाची आज्ञा त्याच गळ्यातून येते ज्यातून सकाळी कपट आलं होतं, आणि मागणंही तेच आहे. फरक एवढाच, की आता कोणी फसवत नाही.

हेराक्लीस आणखी एक वाक्य बोलतो. ट्रॉय लुटाल तेव्हा देवांचा मान राखा. प्रेक्षकांना पुढची कथा माहीत होती. ट्रॉय पडलं त्या रात्री तिथला वृद्ध राजा प्रायम याला झ्यूसच्या वेदीवर मारलं ते निओप्टॉलेमसनं. आज ज्यानं एका म्हाताऱ्याचा विश्वास परत केला त्याचेच ते हात.

फिलॉक्टीटीस आज्ञा मानतो. मुलगा म्हणतो, 'माझंही मत तेच.' नाटकातलं त्याचं हे शेवटचं बोलणं. पुढच्या बहुतेक ओळी फिलॉक्टीटीसच्या आहेत: गुहेचा, अप्सरांचा, झऱ्यांचा, समुद्राच्या गाजेचा निरोप. मुलगा शेजारी उभा राहून ऐकतो.